छप्पर शाळेचे, वीज गल्लीची

कोल्हापूरच्या विमानतळावर उतरणारे विमान तुमच्यापैकी अनेकांनी खालून पाहिले असेल. आता क्षणभर असे समजा, की आपण त्या विमानात खिडकीपाशी बसलो आहोत. विमान खाली येते तसे उसाचे हिरवे पट्टे दिसू लागतात, मग रस्ते, मग गावे. करवीर तालुक्यातले गडमुडशिंगी हे गाव तर विमानतळाला अगदी खेटून. एवढ्या उंचीवरून माणसे काही ओळखू येत नाहीत. दिसतात ती छपरे. तांबड्या कौलांची, चकाकणाऱ्या पत्र्यांची आणि मधूनमधून करड्या रंगाच्या सपाट स्लॅबची. गावातल्या मोठ्या सपाट गच्च्या नीट पाहा. त्यांतल्या पुष्कळशा कुणा एकाच्या घराच्या नसतात. त्या असतात शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, दवाखान्याच्या, समाजमंदिराच्या.

या गच्च्यांवर काय असते? पाण्याची टाकी, दोन मोडकी बाके, कधीचा तरी अडकलेला चेंडू. आणि ऊन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते ऊन. त्या उन्हाचे काही करता येईल का, आणि ते करायचे तर ही गच्ची नेमकी कुणी कुणाला द्यायची, असा दुहेरी प्रश्न आहे. पहिला भाग विज्ञानाचा, दुसरा व्यवहाराचा. गंमत अशी, की दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आपण एक शाळा कल्पनेने उभी करू. गडमुडशिंगीसारख्या गावात आहे, असे समजू. तिची गच्ची ३० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे २४० चौरस मीटर. कठड्याची सावली, टाकी, जिन्यावरची खोली, चालायची वाट हे सगळे वजा केले तर १५० चौरस मीटर जागा उरली असे धरू. भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतके ऊन पडते. आजचे चांगले सौर पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलते, म्हणजे चौरस मीटरला २०० वॅट. पण पॅनेल गच्चीवर एकाला एक चिकटवून चालत नाही; पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडते. म्हणून ढोबळ हिशेब असा, की एका किलोवॅटला १० चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. आपल्या शाळेवर १५ किलोवॅट बसले.

एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाकाठी साधारण १,४०० युनिट वीज देते. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, आषाढात अगदीच कमी. हा वर्षाचा गोळाबेरीज आकडा. तेव्हा १५ किलोवॅटचे झाले २१,००० युनिट.

आता शाळेला स्वतःला किती लागते ते पाहू. आठ वर्ग, प्रत्येकात ७० वॅटचे दोन पंखे आणि २० वॅटच्या दोन नळ्या. एका वर्गाचे १८० वॅट, आठ वर्गांचे १,४४०. सहा तास सगळे चालू ठेवले तरी दिवसाला साडेआठ युनिटच होतात. संगणक धरून १० म्हणा. शाळा वर्षात २२० दिवस भरली, तर २,२०० युनिट. म्हणजे आपल्या गच्चीवर पिकणाऱ्या विजेचा जेमतेम दहावा हिस्सा. रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात तर वर ऊन रणरणत असते आणि खाली वर्गांना कुलूप असते.

शेजारच्या गल्लीत नेमके उलटे आहे. तिथे घराला महिन्याला १०० युनिट लागतात, पण छप्पर कौलारू आहे, किंवा घर भाड्याचे आहे, किंवा समोरच्या दुमजली इमारतीची सावली दुपारभर अंगणात ठाण मांडून असते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांवर पॅनेल बसवायचे आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान द्यायचे, अशी ती योजना. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. तिथे घराघरांवर पॅनेल बसले. ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याला स्वतःचे छप्परच नाही, किंवा आहे ते पॅनेलचे ओझे पेलणार नाही, त्याने काय करावे? एकीकडे ऊन आहे पण गरज नाही. दुसरीकडे गरज आहे पण छप्पर नाही. या दोघांची सांगड घालण्याच्या पद्धतीला सामूहिक सौरवीज म्हणतात.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या गच्चीवरून पंधरा घरांना पंधरा वायरी ओढायच्या की काय? मुळीच नाही. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण इथे गावोगावी दूधसंस्था आहेत. सकाळी तुमची आजी चरवी घेऊन संस्थेत दूध घालते. ते दूध सगळ्यांच्या दुधात मिसळते. तुमच्या म्हशीचे दूध पुढे कुणाच्या चहात गेले हे कुणी शोधत बसत नाही. पण वहीत तुमच्या नावापुढे लिटर आणि फॅट चोख मांडलेले असतात, आणि पैसे त्यावरूनच मिळतात. विजेचेही तसेच. शाळेच्या गच्चीवरची वीज मीटरमधून मोजली जाऊन गावच्या तारांत मिसळते आणि जवळात जवळच्या दिव्याला, पंख्याला किंवा पिठाच्या गिरणीला मिळते. त्या महिन्यात १,५०० युनिट जमा झाले, तर ते वाटेकऱ्यांच्या बिलांतून आपापल्या हिश्शाप्रमाणे वजा होतात. वायर एकच, वाटणी वहीत.

ज्याच्या छपरावर पॅनेल आहे त्याचेच बिल कमी करण्याची सोय, म्हणजे नेट मीटर, महाराष्ट्रात २०१५ च्या नियमांनी आली आणि २०१९ मध्ये ते नियम नव्याने लिहिले गेले. एका छपरावरची वीज अनेकांच्या बिलांत वाटण्याची पद्धत ही त्यापुढची पायरी. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये तिची नियमावली काढली. कोणत्या ग्राहकांना अशी वाटणी करता यावी, हे प्रत्येक राज्याचा नियामक आयोग ठरवतो. दूधसंस्थेला पोटनियम लागतात, तसेच हे.

आता येऊ गच्चीच्या भाड्याकडे. शेत दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन रीती तुम्हाला माहीत असतील. एक खंडाची: पीक येवो न येवो, ठरलेले पैसे द्यायचे. दुसरी वाट्याची: पिकेल त्यातला हिस्सा द्यायचा. गच्चीचेही अगदी तसेच आहे. वर्षाला ठरावीक रक्कम देता येते, किंवा तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे काही पैसे देता येतात. वाट्याच्या रीतीत एक फायदा असा, की पॅनेल नीट चालावे याची काळजी गच्चीच्या मालकालाही वाटते. तिसरीही एक रीत आहे: भाडे विजेच्याच रूपात द्यायचे. आपल्या उदाहरणात शाळेला तिचे २,२०० युनिट फुकट दिले, तर उरतात १८,८००. त्यांतून वर्षाला १,२०० युनिट वापरणारी पंधरा घरे आरामात भागतात. मला विचाराल तर लहान गावाला हीच रीत बरी. शाळेचे बिल थकल्याने वीज तोडली जाण्याचा प्रश्नच मग उरत नाही.

या बाबतीत आपल्या देशातला एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. तो झाला गांधीनगरला. गडमुडशिंगीच्या मुलांनी दचकू नये. त्यांच्या शेजारचे कापडबाजाराचे गांधीनगर नव्हे, गुजरातच्या राजधानीचे. तिथे २०१२ मध्ये दोन कंपन्यांशी २५ वर्षांचे करार झाले. प्रत्येकीने अडीच मेगावॅट, असे मिळून पाच मेगावॅटचे पॅनेल शहरातल्या छपरांवर बसवायचे. त्यातली सुमारे ८० टक्के क्षमता सरकारी इमारतींवर आणि २० टक्के खाजगी घरांवर. छप्परमालकाने एक पैसाही घालायचा नाही. उलट त्याच्या छपरावर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे त्याला ३ रुपये भाडे. तेव्हा कंपन्यांना एका युनिटला ११ रुपयांहून अधिक दर मिळत होता, म्हणून ३ रुपये देणे परवडले.

आज तसे भाडे कुणी देईल का? कठीण आहे. दरम्यानच्या काळात पॅनेल इतके स्वस्त झाले, की जमिनीवरच्या मोठ्या सौरप्रकल्पांची अख्खी वीजच युनिटला ३ रुपयांच्या आसपास मिळू लागली. महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना अशाच जमिनींवर उभी आहे. तिच्यात सरकारी जमीन नाममात्र १ रुपया भाड्याने मिळते, तर खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवले आहे. पॅनेल स्वस्त झाले ही आनंदाची बातमी. पण छप्पर भाड्याने देणाऱ्याला त्यातून कमी मिळते, हेही त्याच बातमीचे दुसरे टोक.

गांधीनगरात पॅनेलची मालकी कंपनीची होती. सामूहिक प्रकल्पात ती गावकऱ्यांची असू शकते. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात २०१२ मध्ये एका सार्वजनिक गृहवसाहतीच्या छपरावर ३७ किलोवॅटचे पॅनेल बसले, ते तिथल्या रहिवाशांनी आणि इतरांनी शेअर घेऊन काढलेल्या सहकारी संस्थेचे. छप्पर नगरपालिकेचे, पॅनेल संस्थेचे. आपल्याकडे त्याच वर्षी, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात दरेवाडीला सुमारे साडेनऊ किलोवॅटचा संच उभा राहिला आणि तोवर अंधारात असलेली ३९ घरे उजळली. तिथे छपराचा संबंध नव्हता, पॅनेल जमिनीवर होते; पण बिल गोळा करणे आणि देखभाल पाहणे हे काम गावकऱ्यांच्या न्यासाने अंगावर घेतले. ज्या जिल्ह्यात साखर कारखाना, दूध, नदीवरून शेतात पाणी आणणारी पाणीपुरवठा संस्था असे सगळे सहकाराने चालते, त्या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. हिशेबही बघा: आज एका किलोवॅटला ५५,००० रुपये खर्च धरला, तर आपल्या शाळेवरचा संच सव्वाआठ लाखांचा. पंधरा घरांनी एकेक किलोवॅटचा वाटा घेतला आणि प्रत्येकाला वर्षाला १,२५० युनिट मिळाले. युनिटमागे ६ रुपये वाचतात असे धरा: वर्षाला ७,५०० रुपये. घातलेले पैसे सात-साडेसात वर्षांत परत. पॅनेल टिकतात सुमारे २५ वर्षे. दरवर्षी त्यांची ताकद अर्धा-पाऊण टक्क्याने घटत जाते इतकेच. मधे एखादा इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च वेगळा. पॅनेलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहते आणि आपल्या घरातली दर सेकंदाला शंभरदा दिशा बदलते. पहिलीची दुसरी करणारे यंत्र ते इन्व्हर्टर.

ही २५ वर्षे हेच सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पाच वर्षांनी होते. म्हणजे आज ज्यांनी ठराव केला त्यांच्यानंतर आणखी चार पंचायती येऊन जातील आणि पॅनेल तिथेच असतील. शिवाय शाळा गावात असली म्हणून ती गावच्या पंचायतीची असतेच असे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेची गच्ची भाडेपट्ट्याने द्यायचा अधिकार जिल्हा परिषदेचा. ग्रामपंचायतीलाही स्वतःची इमारत लांब मुदतीने द्यायची तर वरून मंजुरी घ्यावी लागते. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले म्हणजे झाले, असे नाही.

आणि त्या कागदावर काय काय लिहावे लागते! पावसाळ्यात स्लॅब गळू लागला तर दुरुस्ती कुणी करायची? शाळेला वर मजला चढवायचा झाला तर पॅनेल कुठे हलवायचे आणि तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या विजेचे काय? शेजारच्या परड्यातला आंबा दहा वर्षांत उंच वाढला आणि सावली पडू लागली तर? काच फुटली तर? मुदत संपल्यावर पॅनेल उतरवून गच्ची होती तशी कोण करून देणार? वाचताना हे कुरकुर वाटेल, पण सौर अभियंत्यांची निम्मी भांडणे याच प्रश्नांवरून होतात.

गळतीचेच घ्या. पॅनेल उभे करायची सोपी रीत म्हणजे स्लॅबला भोके पाडून लोखंडी पाय पक्के करणे. पण प्रत्येक भोक ही पाण्याला दिलेली वाट. म्हणून पुष्कळ ठिकाणी भोके न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांच्या वजनावर सांगाडा तोलतात. आता तुम्ही विचाराल, पॅनेल तर एवढे जड, मग आणखी वजन कशाला? एका मोठ्या पॅनेलचे वजन सुमारे २८ किलो, पण त्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. वळवाचा वारा सुटला की तिरके ठेवलेले पॅनेल पतंगासारखे उचलले जाऊ पाहते. खालच्या स्लॅबला भीती ओझ्याची नसते तितकी वरच्या पॅनेलला उडण्याची असते! जुन्या कौलारू शाळांना मात्र ओझ्याचाही विचार करावा लागतो. वाशांना वाळवी लागलेली असेल तर तिथे पॅनेल न चढवलेलेच बरे.

सावलीचा मुद्दा याहून नाजूक आहे. पॅनेलवर चौकोनी काळे तुकडे दिसतात ते सौरघट. ते एकामागोमाग एक असे साखळीने जोडलेले असतात. स्लॅब ओतताना कामगार रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात, ते तुम्ही पाहिले असेल. रांगेतला एक जण जरी दमून हळू झाला तरी सगळी रांग त्याच्याच गतीने चालते. सावलीत आलेला सौरघट हा तो दमलेला गडी. टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी साखळीभर प्रवाह घटतो. यावर उपाय म्हणून पॅनेलमध्ये डायोड बसवतात. हा डायोड म्हणजे अडलेल्या भागाला वगळून घमेले पुढच्याकडे पोचवणारा मुकादम. त्याने नुकसान कमी होते, नाहीसे होत नाही. सावलीसारखेच काम धुळीचे. कोल्हापूरकडे उसाचा पाला जाळला की काळी काजळी वाऱ्याबरोबर गावभर उडते, ती पॅनेलवरही बसते. ती धुवायची कुणी, हेही करारात लिहा! धुवायचे ते पहाटे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते.

गडमुडशिंगीकरांच्या मनात आणखी एक शंका येईल. इतक्या काचा गावभर चमकू लागल्या तर विमान उतरवणाऱ्या वैमानिकाचे डोळे दिपणार नाहीत का? शंका रास्त आहे. पण पॅनेलचे कामच मुळी प्रकाश गिळण्याचे. परत फेकलेला प्रकाश म्हणजे गमावलेली वीज. म्हणून त्याच्या काचेवर खास लेप असतो आणि समोरून पडलेल्या उन्हाचा अगदी थोडा भाग परततो, कोऱ्या पत्र्यापेक्षा कितीतरी कमी. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण तिरके पडतात, तेव्हा मात्र चमक वाढते; म्हणून धावपट्टीजवळ पॅनेल बसवताना ते कोणत्या दिशेला आणि किती कलते ठेवायचे याचा आधी हिशेब करून परवानगी घेतात. केरळातल्या कोचीचा विमानतळ २०१५ पासून सौरविजेवर चालतो, आणि त्यासाठी सुरुवातीचे १२ मेगावॅटचे पॅनेल विमानतळाच्याच आवारात बसवलेले होते.

दिशेचा विषय निघालाच आहे, तर कोल्हापूरचा अक्षांश लक्षात ठेवा: सुमारे १६.७ अंश उत्तर. म्हणून इथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १५ अंश कलते ठेवतात. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेकडून जातो. मग दक्षिणेकडे तोंड करून आपण चूक केली का? फारशी नाही. त्यातले निम्म्याहून अधिक दिवस पावसाळी ढगांचे, आणि ढगांतून झिरपणारा प्रकाश सगळ्याच दिशांनी येतो.

वरच्या मजल्यावर बसणाऱ्या वर्गाला एक लाभ कुणी न सांगताही मिळतो. पॅनेलच्या सावलीमुळे खालचा स्लॅब कमी तापतो, आणि मार्चमधल्या परीक्षा थोड्या सुसह्य होतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. घरातली वीज बटण दाबून बंद करता येते. ऊन असेपर्यंत पॅनेलची वीज बंद होत नाही, आणि ओळीने जोडलेल्या पॅनेलचा दाब काही शे व्होल्टपर्यंत चढतो. संच बसलेल्या गच्चीच्या दाराला कुलूप हवे, आणि चेंडू वर गेला तर तो शिपाईकाकांनीच काढावा.

तुमच्या शाळेच्या गच्चीचा हिशेब तुम्ही जमिनीवरूनही करू शकाल. येत्या २२ डिसेंबरला, म्हणजे सावल्या सर्वांत लांब पडतात त्या सुमारास, मैदानात बरोबर एक मीटर उंचीची काठी उभी करा. ती म्हणजे गच्चीचा कठडा. कोल्हापूर परिसरात दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली ८४ सेंटिमीटर भरेल आणि उत्तरेकडे पडेल. सकाळी साडेनऊला हीच सावली तिरकी वायव्येकडे पडून १ मीटर ७० सेंटिमीटरपर्यंत गेलेली असेल. दुपारी साडेतीनला तेवढीच, पण ईशान्येकडे. शाळेची लांबी-रुंदी बाहेरून पावलांनी मोजा, चौकटीच्या कागदावर गच्चीचा आराखडा काढा, आणि या तीन वेळच्या सावल्या त्यावर पेन्सिलीने रंगवा. टाकी आणि जिन्याची खोली विसरू नका. त्यांची उंची गुरुजींना विचारा आणि काठीच्या प्रमाणात सावली वाढवा. तिन्ही वेळा जी चौकट कोरी राहील तीच कामाची. कोऱ्या चौकटींचे चौरस मीटर करा आणि दहाने भागा. येईल तितके किलोवॅट.